अंग हलवतं कोण?

करोनाच्या दोन वर्षांत अठरा ते तिशीतली पोरं घरात बसली, की त्यांना बसवलं गेलं? पेण-रोह्याकडे हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, ज्याच्यात धमक होती त्याने घाम गाळलाच. दुसरा म्हणतो, धमक असून उपयोग काय, जागा नाही, सवड नाही, परवानगी नाही. खालच्या संवादात हे दोन तट मामा आणि भाचीच्या तोंडी घातले आहेत. मामा रोह्याचे, शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, तरुणपणी कबड्डीपायी गुडघा कामातून घालवलेले. भाची पेणची, गणपतीच्या कारखान्यात लहानाची मोठी झालेली, २०२० साली कॉलेजात होती, आता फिजिओथेरपिस्ट आहे. माणसं कल्पनेतली आहेत. तारखा, आदेश आणि आकडे खरे आहेत.

सतरंजीएवढी जागा

मामा: तू काहीही म्हण, करोनाने एक गोष्ट उघडी पाडली. सगळं मनावर असतं. ज्याला हलायचं होतं तो हलला. ज्याला हलायचंच नव्हतं त्याला निमित्त मिळालं. जिम बंद, मैदान बंद, मूड नाही. अगं, सूर्यनमस्काराला जागा लागते किती? एका सतरंजीएवढी. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी राजा माणूस, वाटेल ती साधनं मागवू शकले असते. पण जन्मभर प्रचार केला तो सूर्यनमस्काराचा. ना साधन लागतं, ना मैदान, ना जोडीदार.

भाची: सतरंजीएवढी जागा राजवाड्यात सहज मिळते, मामा. आमच्याकडे पडवीत कारखाना, मधल्या खोलीत आजीची खाट, आतल्या खोलीत धाकट्याचा ऑनलाइन क्लास. सतरंजी अंथरायला जागा व्हायची रात्री अकराला, तीही झोपण्यापुरती.

मामा: मग पहाटे बाहेर पडायचं.

भाची: कुठे? २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ मार्चपासून एकवीस दिवसांची टाळेबंदी, आणि ती वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली. त्या दिवसांत मॉर्निंग वॉकला निघालेल्यांवर महाराष्ट्रात ठिकठिकाणी कलम १८८ खाली गुन्हे दाखल झाले. आणि रस्त्यात सापडलेल्या पोरांना पोलीस काय करायला लावायचे, ते व्हिडिओ तुम्हीच मला पाठवलेत. उठाबशा! व्यायामाला निघाला म्हणून पकडायचं आणि शिक्षा म्हणून व्यायामच करून घ्यायचा.

मामा: ते पहिले दोन महिने. नंतर सूट मिळालीच की.

भाची: मिळाली. राज्याने 'मिशन बिगिन अगेन' काढलं, त्याचा पहिला टप्पा ३ जूनचा. चालणं, धावणं, सायकल चालवणं, पहाटे पाच ते संध्याकाळी सात. मोकळी मैदानं, समुद्रकिनारे, बागा. आता सांगा, ३ जून २०२० ला आपल्याकडे काय चाललं होतं?

मामा: निसर्ग वादळ.

भाची: तिकडे सरकार म्हणतंय किनाऱ्यावर फिरायला जा, आणि इकडे त्याच दिवशी वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आता यात पोरांच्या इच्छाशक्तीचा काय दोष?

मामा: दोष कुणी दिला? उलट निसर्गानंतरची गोष्टच माझ्या बाजूची आहे. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, रोहा, सगळीकडे झाडं आडवी, घरांचे पत्रे उडालेले, कौलांचा चुरा, वीज दिवसेंदिवस गायब. त्या वेळी मुंबईहून गावी आलेली पोरं होती ना, एरवी खुर्चीवर बसून काम करणारी? तीच कोयता आणि करवत घेऊन नारळी-पोफळी तोडत होती, शिडीवर चढून कौलं चढवत होती. मग पाऊस लागला, लावणी आली. गुडघाभर चिखलात वाकून पोरांनी शेतं लावली. त्यांना कुठलं ॲप लागलं? कुणाचं व्याख्यान लागलं?

भाची: नाही लागलं. पण मग तुमचं 'मन' कुठे गेलं? आत्ताच म्हणालात, ज्याला हलायचं होतं तो हलला. ही पोरं हलली ती डोक्यावर छप्पर नव्हतं म्हणून.

घाम म्हणजे व्यायाम का?

मामा: छपरासाठी असो नाहीतर भातासाठी, अंग हललं ना? घाम आला ना? विनोबा आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षं देशभर पायी फिरले. शरीर कमवायचं म्हणून नाही चालले, काम होतं म्हणून चालले. आपल्याकडे व्यायाम कामातच असतो. तुम्ही लोकांनी तो कामापासून वेगळा काढला, त्याला कपडे दिले, बूट दिले, महिन्याची फी लावली.

भाची: हा मुद्दा अर्धा बरोबर आहे. बरोबर असलेला अर्धा लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली दाखवून दिला. दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. एकाच खात्यातली माणसं, पण दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, आणि जिन्यावरून चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. कामातली हालचाल उपयोगी पडते, हे तिथून पुढे आलं.

मामा: बघ!

भाची: थांबा, उरलेला अर्धा ऐका. २०१८ साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली. तिच्यात दिसलं की अतिकष्टाचं काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका १८ टक्के जास्त आहे. मोकळ्या वेळात केलेला व्यायाम आयुष्य वाढवतो, आणि पोटासाठी केलेले कष्ट मात्र तसं करतीलच असं नाही.

मामा: हे कसं? स्नायूला काय कळतं, पगार मिळतोय की मजा चाललीय?

भाची: स्नायूला नाही कळत, पण विश्रांती मिळाली की नाही हे हृदयाला कळतं. व्यायामात तासभर जोर, मग आराम. कष्टात दहा तास एकाच पद्धतीचं ओझं, रक्तदाब दिवसभर चढलेला, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. यावर वाद आहेत. कष्टकरी माणूस गरीबही असतो, तंबाखूही जास्त खातो, दवाखान्यात उशिरा जातो. मग दोष कष्टाचा की गरिबीचा? पण लावणीला वाकलेल्या माणसाला 'तुझा व्यायाम झाला' म्हणून मी तरी सोडणार नाही. तो माझ्याकडे कंबर धरून येतो.

मामा: मग गणपतीच्या कारखान्यात काय होतं? तिथे तर दिवसभर हात चालू.

भाची: हातच चालू असतो, बाकी सगळं बंद. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर कधी नीट बघितलात? मूर्ती पुढ्यात, मान खाली, डावा हात मूर्तीच्या मागे टेकवलेला, उजव्या हातात अगदी बारीक ब्रश. भुवईची रेघ ओढताना तो श्वास धरतो. रेघ संपली की सोडतो, आणि पुढची मूर्ती ओढतो. हमरापूर-जोह्यात, पेण शहरात, वीस-बावीस वर्षांची कितीतरी पोरं सीझनला असं बसून असतात. त्यात २०२० च्या जुलैमध्ये आदेश आला, सार्वजनिक मूर्ती चार फुटांच्या आत आणि घरगुती दोन फुटांच्या आत. गणपती होते २२ ऑगस्टला. म्हणजे उभं राहून, स्टुलावर चढून रंगवायची मोठी मूर्ती गेली आणि जे काही उरलं ते बसल्या जागेवर आलं. जेवढी मूर्ती लहान तेवढं अंग कमी हललं. त्या वर्षी आमच्याकडे आखणी करणाऱ्या पोराचे खांदे पुढे आले ते अजून पूर्ण मागे गेलेले नाहीत. आता हा पोरगा आळशी का?

मामा: नाही. पण संध्याकाळी काम संपल्यावर तो फोन घेऊन बसला की नाही? २०२० च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली तेव्हा घरात सुतक पडल्यासारखी तोंडं झाली होती पोरांची.

भाची: बसला फोन घेऊन. पण करोनाच्या आधी तो काय करत होता? आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगढमध्ये चौदा हजारांवर लोकांची पाहणी केली होती, २०१४ साली ती छापून आली. निम्म्याहून जास्त माणसं, ५४.४ टक्के, पुरेशी हालचाल करत नव्हती. शहरात ६५ टक्के, खेड्यात ५०. आणि हौसेने, म्हणजे खेळ किंवा व्यायाम म्हणून अंग हलवणारे दहा टक्केसुद्धा नव्हते. ही करोनाच्या कितीतरी आधीची गोष्ट.

मामा: मग तर माझंच खरं! दहातल्या नऊ जणांना मैदानं उघडी असतानाही व्यायाम नको होता. टाळेबंदीने त्यांचं काय हिरावून घेतलं?

भाची: न मागता मिळणारी हालचाल. दिवा-रोहा गाडी पकडायला स्टेशनवर पळणं, पनवेलला पूल चढणं, लोकलमध्ये उभं राहणं, कॉलेजच्या तीन मजल्यांचे जिने, नाक्यापर्यंत पायी जाणं. कुणी त्याला व्यायाम म्हणत नव्हतं, पण अंगाचा निम्मा हिशोब त्यातच भागायचा. गाडी थांबली आणि तो हिशोब एका दिवसात कोलमडला. मनाला विचारलंच कुणी?

मामा: हा तुझा अंदाज.

भाची: जगभरच्या मोबाइलमधल्या पावलांचा हिशोब आहे. १८७ देशांतल्या साडेचार लाखांवर लोकांच्या ॲपमधली पावलं मोजली गेली. ११ मार्च २०२० ला महामारी जाहीर झाली, आणि तीस दिवसांच्या आत जगाची पावलं सरासरी २७ टक्क्यांनी घटली. इटलीत घट जास्तीत जास्त ४८.७ टक्क्यांपर्यंत गेली. स्वीडनमध्ये, जिथे सक्तीची टाळेबंदी नव्हती, ती ६.९ टक्क्यांवर थांबली. आता सांगा, स्वीडनच्या माणसांचं मन इटलीच्या माणसांपेक्षा सातपट खंबीर होतं का?

मामा: तसं नाही म्हणता येणार. पण तुझ्या त्या मोजणीत आपली पोरं कुठे आहेत? लावणीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बांधावर ठेवतात. चिखलातली पावलं कुणी मोजली?

भाची: हे मात्र खरं. त्या मोजणीत फोन बाळगणारे, ॲप घेतलेले लोकच आहेत. लावणीची बाई त्यात नाही आणि आखणीचा कारागीरही नाही.

दमाचा खेळ

मामा: आता मी माझं दुखणं सांगतो. बाकी कुठलाही खेळ अंतर ठेवून खेळता आला असता. बॅडमिंटन घे, धावणं घे. पण कबड्डी? आपल्या रायगडचा जीव या खेळात. भात कापून झालं की शेतात पाटी आखायची, दिवे लावायचे आणि रात्र रात्र सामने. आता त्या खेळात असतं काय? एकाने दम धरून, तोंडाने 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्या सात जणांत शिरायचं. त्यांनी साखळी करून त्याला धरायचं, उरावर बसायचं, त्याचा दम सुटेपर्यंत सोडायचं नाही. श्वासातून पसरणाऱ्या रोगाने खेळ शोधून काढला असता तर हाच काढला असता. प्रो कबड्डीचा २०२० चा हंगाम झालाच नाही. पुढचा सुरू झाला तो थेट २२ डिसेंबर २०२१ ला, बंगळुरूला, प्रेक्षकांशिवाय. टीव्हीवरची ही गत, तर गावच्या संघाला कोण विचारतो?

भाची: तुमच्या पोरांचं काय झालं?

मामा: मी ग्रुपवर व्यायाम पाठवायचो. जोर, बैठका, दोरी, पायऱ्या. म्हटलं, करून व्हिडिओ टाका. सुरुवातीला सगळ्यांचे यायचे, अंगणातले, ओट्यावरचे, एकाचा तर गोठ्यातला. मग निम्मे झाले. मग अंगठे यायला लागले. शेवटी एकच पोरगा उरला. तो मात्र शेवटपर्यंत. याला म्हणतात मन.

भाची: तो काय करत होता? नुसती कबड्डी?

मामा: पोलीस भरतीची तयारी.

भाची: म्हणजे त्याच्यापुढे सोळाशे मीटर होते, शंभर मीटर होते, गोळाफेक होती. बाकीच्यांपुढे काहीच नव्हतं. सामना नाही, तारीख नाही, प्रतिस्पर्धी नाही. मामा, त्याचं मन मोठं नव्हतं. त्याला अंग हलवायला कारण होतं.

मामा: कारण सगळ्यांनाच असतं. ज्याला ते दिसतं त्याचं मन मोठं.

भाची: बरं, मग तो पुढे टिकला?

मामा: (थोडं थांबून) भरती लांबत गेली. सैन्याचे भरती मेळावे तर दोन वर्षं बंदच. माझ्याकडे सैन्याची तयारी करणारे दोघं होते, वयाची अट ओलांडायच्या बेतात आलेले. त्यांतला एक धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागला. मी म्हटलं, अरे शिफ्ट करून पळ. तो म्हणाला, सर, कशासाठी पळू? मला उत्तर सुचलं नाही. २०२२ च्या जूनमध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली, त्या वर्षापुरती वयोमर्यादा तेवीस केली, पण तोवर त्याचं ग्राउंड सुटलं होतं.

भाची: कोलाडला राफ्टिंगच्या बोटी चालवणाऱ्या पोरांचंही तेच. कुंडलिकेवर, भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावर त्यांचा धंदा. खांदे असे की आमच्या कॉलेजात नमुना म्हणून दाखवावेत. पर्यटन बंद झालं. नदी होती, बोटी होत्या, हातही होते, गिऱ्हाईक नव्हतं. वल्हं भिंतीला टेकलं.

मामा: मग तुझं म्हणणं काय? माणूस म्हणजे परिस्थिती ढकलेल तिकडे जाणारं भुसकट?

भाची: नाही. आमच्या अभ्यासात एक मांडणी आहे, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली केलेली. कुठलंही वागणं घडायला तीन गोष्टी लागतात. क्षमता, संधी आणि प्रेरणा.

मामा: आपल्या भाषेत सांग. ताकद, सवड आणि ओढ.

भाची: चालेल. पण सवडीत नुसता वेळ धरू नका. जागा धरा, सोबत धरा, लोक काय म्हणतील तेही धरा. तुम्ही फक्त ओढ मोजता. तरुणांच्या बाबतीत ताकदीची अडचण बहुधा नसतेच. आणि या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. सवड गेली की काही दिवसांनी ओढही जाते. तुमच्या ग्रुपवर व्हिडिओचे अंगठे झाले ते असे.

मुलींची वेळ

मामा: आणि तुम्ही मुली? तुम्हाला तर ना भरती, ना कबड्डी.

भाची: मुलींना भरती आहे, त्यांना आठशे मीटर पळावं लागतं. आणि कबड्डीही आहे, तुम्ही शिकवत नव्हतात एवढंच.

मामा: लागलं.

भाची: लागू दे. सरकारची वेळ-वापर पाहणी झाली २०१९ साली, करोनाच्या आदल्या वर्षी. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. आता त्या घरात सगळी माणसं चोवीस तास आणून बसवा. दोनदाचा चहा चारदा, एकदाचा नाष्टा दोनदा, त्यात बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची. आमच्याकडे चुलते मुंबईहून आले, त्यांचं विलगीकरण, त्यांची भांडी वेगळी. मी बसून नव्हते, मामा. रात्री पाय दुखायचे. पण त्यात एकदाही दम लागला नाही, एकदाही धावले नाही.

मामा: पहाटे पाचपासून संध्याकाळी सातपर्यंत सूट होती की धावायला.

भाची: मुलगी एकटी ट्रॅक पँट घालून पेणच्या रस्त्याने पळायला लागली की पहिल्या दिवशी कुत्री मागे लागतात, दुसऱ्या दिवशी बाइक. तिसऱ्या दिवशी कुणीतरी घरी येऊन विचारतं, 'काय, सकाळी सकाळी कुठे जाते ही?' तुमच्या पोरांना कुणी विचारलं का कुठे जाता म्हणून? कॉलेज असताना मला बाहेर पडायला कारण होतं. बस स्टँडपर्यंत चालायचे, मैत्रिणींबरोबर हुंदडायचे, जिने चढायचे. कॉलेज बंद झालं आणि बाहेर पडण्याचं कारणच संपलं. ज्यांना गच्ची होती त्या गच्चीवर चकरा मारायच्या आणि फोटो टाकायच्या. गच्ची पेण शहरातल्या इमारतीला असते, गावच्या कौलारू घराला नसते. ज्याला गच्ची त्याचं मन मोठं, असं दिसायचं तेव्हा.

मामा: मग तू पुन्हा कशी सुरू झालीस?

भाची: शेजारची वहिनी आणि तिची नणंद संध्याकाळी चालायला निघायच्या. एक दिवस मला हाक मारली. तिघी झालो आणि कुत्री, बाइक, शेजारी, सगळे गप्प झाले. तिघीजणी चालल्या की ते 'फिरणं' होतं, एकटी चालली की लोकांना प्रश्न पडतात. मन तेच होतं माझं. आदल्या दिवशीही तेच होतं.

भीती

मामा: एक गोष्ट तू सोडलीस. जिम २५ ऑक्टोबर २०२० ला, दसऱ्याला उघडल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये परत बंद, मग परत उघडल्या. पण त्यानंतर पोरांच्या तोंडी वेगळंच ऐकू यायला लागलं. कन्नडचा तो हिरो, पुनीत राजकुमार, २९ ऑक्टोबर २०२१ ला गेला. व्यायाम करणारा, धडधाकट. त्यानंतर माझ्याकडे आया यायला लागल्या, 'सर, पोराला जास्त पळवू नका, त्याला करोना होऊन गेलाय.'

भाची: ती भीती नुसती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आयसीएमआरने अठरा ते पंचेचाळीस वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, २०२३ साली तो आला. लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. पण करोनामुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलेलं असणं, घरात कुणाचा असाच अचानक मृत्यू झालेला असणं, आदल्या दोन दिवसांत भरपूर दारू, आणि आदल्या दोन दिवसांत फार जोराची मेहनत, यांचा संबंध दिसला. म्हणजे ज्याला आजार जोरात झाला होता त्याने सावकाश सुरू करायचं. आधी चालणं, मग भरभर चालणं, मग पळणं. छातीत दुखलं, भोवळ आली तर थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

मामा: आणि आयांना काय सांगायचं?

भाची: बसून राहण्याचीही किंमत असते, हे सांगायचं. कॅलिफोर्नियात ४८ हजारांवर करोनारुग्णांची जुनी नोंद तपासली. आधीची दोन वर्षं जवळजवळ न हलणाऱ्यांना रुग्णालयात दाखल व्हायची वेळ नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आली. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, पण आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या नोव्हेंबरात, ऐन महामारीत, पुन्हा सांगितलं की मोठ्या माणसाने आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम करावा. दिवसाला वीस-पंचवीस मिनिटांपासून सुरू होतो हा हिशोब. आणि २०२२ साली भारतातली जवळपास निम्मी मोठी माणसं तेवढाही करत नव्हती. टाळेबंदी उठून गेली होती, तरी.

पुढच्या खेपेला

मामा: आता माझं एक ऐक. टाळेबंदी सैल झाल्यावर मी पहाटे शाळेच्या मैदानावर जायला लागलो. पोरांना म्हटलं, लांब लांब उभे राहा, कुणी कुणाला शिवायचं नाही, चेंडू नाही, पकड नाही. नुसतं पळा. पहिल्या दिवशी दोघं आले. हळूहळू मैदान भरलं. व्हिडिओ पाठवून जे जमलं नाही ते जमलं. मी त्यांना काही शिकवत नव्हतो. गुडघा असा, मी पळू पण शकत नाही. नुसता उभा असायचो.

भाची: हेच तर मी मघापासून सांगतेय. व्हिडिओ पाठवला तेव्हा पोरांचं मन तेच होतं आणि मैदानावर आली तेव्हाही तेच. बदललं काय? मैदान उघडं होतं, आणि कुणीतरी वाट बघत होतं. न गेलो तर सर विचारतील, एवढं पुरलं. वहिनीने हाक मारली तेव्हा माझंही तेच झालं.

मामा: आणि मी तिथे का उभा होतो? मला कुणी आदेश काढला होता? पगार होता? माझ्यापुढे कुठली भरती होती? तुझ्या त्या तीन गोष्टींतली कुठली?

भाची: (हसून) तुमच्या बाबतीत ओढ. मान्य.

मामा: म्हणजे कुणा एकाचं मन लागतंच.

भाची: एकाचं लागतं. पण तालुक्याच्या पोरांचा जीव एकाच्या मनावर टांगून ठेवायचा नसतो. पुढची साथ येईल तेव्हा काय करायचं, ते आत्ता लिहून ठेवायला हवं. उघड्यावर संसर्गाचा धोका बंद खोलीपेक्षा पुष्कळ कमी, हे आता सगळ्यांना माहीत आहे. मग मैदान बंद करायचं तर सगळ्यात शेवटी, आणि उघडायचं तर सगळ्यात आधी. वाण्याच्या दुकानाला जशा वेळा ठरवून दिल्या तशा मैदानाला द्या. एक वेळ मुलींची, आणि ती अंधार पडायच्या आत. कारखान्यात बसून काम करणाऱ्यांना तासाला पाच मिनिटं उठायची सक्ती. आणि किराणा, दूध, औषध यांच्या यादीत आणखी एक माणूस घाला, मैदानावर उभा राहणारा. त्याला पास द्या, पगार द्या.

मामा: पगार दिला की तो हजेरीपुरता येईल. माझ्यासारखा जीव लावणार नाही.

भाची: नाही लावला तरी चालेल. रोज ठरल्या वेळी आला आणि एखादा पोरगा दिसला नाही तर 'काल का आला नाहीस' एवढं विचारलं, तरी त्याचा पगार वसूल झाला.